आत्याचं एस्प्रेसो मशीन: दुरुस्तीच्या नोंदी

७ जून, शनिवार

आत्याचं मशीन आज माझ्या टेबलावर आलं. तिने ते अकरा वर्षं रोज वापरलं, गेलं दीड वर्ष मात्र ते कपाटात पडून होतं. देताना तिने एका वाक्यात तक्रार सांगितली, "पंप ओरडतो, पण कप काही भरत नाही गं." टाकून देणं तिला जमत नव्हतं आणि ते मलाही जमलं नसतं.

यंत्राची रचना साधी आहे, म्हणूनच उघडायची हिंमत होते. मागे पाण्याची टाकी, तिच्याखाली व्हायब्रेटरी पंप, मधे पितळेचा एकच बॉयलर. बॉयलरच्या अंगाला तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या चुंबकाने उघड-बंद होणारा) आणि त्याखाली ग्रुप हेड, म्हणजे जिथून गरम पाणी कॉफीवर पडतं ते तोंड; त्यात ५८ मिमीचा पोर्टाफिल्टर, कॉफीची पूड भरायचा दांड्याचा पेला, बसतो. हीटरवर २३० व्होल्ट, ११०० वॅट असं कोरलेलं आहे.

चालू करून पाहिलं. दिवे लागले, बॉयलर तापला, तापल्याचा दिवाही लागला. कॉफीचं बटण दाबल्यावर सगळं टेबल थरथरेल इतकी घरघर झाली आणि ग्रुप हेडमधून पाण्याचे जेमतेम काही थेंब आले.

स्वतःसाठी तीन नियम लिहून भिंतीवर चिकटवले. झाकण काढायच्या आधी प्लग काढायचा, आणि बॉयलर गार झाल्यावर वाफेचा नॉब उघडून आतला दाब सोडायचा. वायर काढायच्या आधी तिचा फोटो घ्यायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

८ जून, रविवार

काल रात्री मी नवा पंप मागवायच्या बेतात होते. आवाज पंपाचा, म्हणजे दोष पंपाचा, इतका सरळ हिशोब. सकाळी ठरवलं की आधी पाण्याची वाट तपासायची. टाकीतून निघालेलं पाणी पंप, बॉयलर, व्हॉल्व्ह, शॉवर स्क्रीन (ग्रुप हेडच्या तोंडाची जाळी) असा प्रवास करून कपात येतं. ते कुठपर्यंत नीट पोहोचतं आणि कुठे अडतं, एवढंच शोधायचं होतं.

पहिली चाचणी: बॉयलर गार ठेवून वाफेचा नॉब पूर्ण उघडला आणि पंप चालवला. वाफेच्या नळीतून १० सेकंदांत ७८ मिली पाणी आलं. दुसरी चाचणी: नॉब बंद करून ग्रुप हेडखाली मापाचा पेला धरला. १० सेकंदांत ४ मिली. तिसरी गोष्ट तर चाचणी न करताच दिसली. टाकीत परत येणारी एक बारीक नळी आहे, दुसऱ्या चाचणीच्या वेळी तिच्यातून पाण्याची धार लागली होती.

ती नळी रिलीफ व्हॉल्व्हची. पाण्याला पुढे जायला वाट नसली की दाब वाढतो, ठरावीक दाबाला हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी टाकीत परत सोडतो. म्हणजे पंप पाणी ओढतोय, ढकलतोय, पुरेसा दाबही देतोय. बॉयलरपर्यंतची वाट मोकळी आहे. अडलंय ते बॉयलरच्या पुढे, व्हॉल्व्ह आणि शॉवर स्क्रीन यांच्या दरम्यान.

मग एवढी घरघर का? या पंपात फिरणारी मोटर नसते. तारेच्या वेटोळ्यात एक पोलादी दट्ट्या असतो. आतला डायोड प्रत्यावर्ती विजेची अर्धी लाटच आत जाऊ देतो, त्या अर्ध्या लाटेत दट्ट्या ओढला जातो आणि उरलेल्या अर्ध्या वेळात स्प्रिंग त्याला परत ढकलते. ५० हर्ट्झच्या विजेवर हे सेकंदाला ५० वेळा घडतं. हा हादरा शोषून घ्यायला पंपाच्या दोन्ही टोकांना रबरी आधार असतात. इथले दोन्ही आधार कडक होऊन तडकले होते आणि पंप थेट पत्र्याला टेकला होता. ओरडत होता तो पत्रा. पंपाखाली घडी घातलेला कापडाचा तुकडा सरकवून पाहिला, तर आवाज निम्म्याहून कमी झाला.

पंप मागवला नाही, रबरी आधारांची जोडी मागवली.

दुपारी शॉवर स्क्रीन काढली. मधला स्क्रू निघायला वेळ लागला. मागची बाजू कॉफीच्या तेलाने काळी कुळकुळीत झाली होती, तिच्यावरची पितळी चकतीही तशीच. दोन्ही गरम पाण्यात कॉफी यंत्राच्या डिटर्जंटसोबत अर्धा तास ठेवली. भोकं आरपार दिसायला लागली, पण ग्रुप हेडचं पाणी ४ मिलीवरून ५ मिलीवर गेलं इतकंच. उरला व्हॉल्व्ह.

बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह 'टक' असा वाजतो. त्याच्या माथ्यावरच्या नटाजवळ स्क्रूड्रायव्हर नेला तर टोक ओढलं जातं, बटण सोडलं की सुटतं. म्हणजे कॉइलला वीज मिळतेय आणि चुंबक तयार होतंय. दोष विजेचा नसून आतल्या भोकाचा असावा.

११ जून, बुधवार

आत्याला फोन केला. हा फोन पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

"बंद पडायच्या आधी नेमकं काय झालं होतं गं?"

"काहीच नाही. उलट मी ते छान साफ केलं होतं. क्षार काढायची पावडर दुप्पट घातली, मशीन तापवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी येईना."

आणखी एक विचारलं: कॉफी काढून झाल्यावर चोथा कसा असायचा? "ओलाच. चिखलासारखा. सुरुवातीला सुकी चकती पडायची, पण ते खूप वर्षांपूर्वी." हे उत्तर मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय. शॉट, म्हणजे एका वेळची कॉफी काढणं, थांबला की या सोलेनॉइड व्हॉल्व्हने ग्रुप हेडमधला दाब आणि उरलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये सोडायचं असतं, म्हणूनच चोथा सुका निघतो. चोथा कित्येक वर्षं ओला असेल, तर व्हॉल्व्हची ती वाटही तितकीच वर्षं बुजलेली असणार.

पावडरीचं गणित आता जुळतं. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम पाणी तापलं की कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतं आणि सर्वांत जाड थर हीटरवर बसतो, कारण तिथे तापमान सर्वांत जास्त. सायट्रिक ॲसिड तो थर खातं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. पण थर सगळीकडून सारखा झिजत नाही. कडा आधी सुटतात आणि पापुद्रे निखळतात. त्यात कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात गार पाण्यापेक्षा कमी विरघळतं, त्यामुळे तीव्र द्रावण आणि उष्णता एकत्र आली की नवाच गाळ तयार होण्याचा धोका असतो. निखळलेले तुकडे पाण्याबरोबर निघाले आणि वाटेतल्या सर्वांत अरुंद भोकात जाऊन बसले.

आत्याने निगा राखायची म्हणूनच हे केलं होतं. फोनवर मी तिला दोष येईल असं काही बोलले नाही.

१४ जून, शनिवार

व्हॉल्व्ह उघडला. दोन ॲलन बोल्ट काढले की तो बॉयलरपासून सुटतो. मधे दोन छोट्या ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, असतात, त्या हातात येतायेताच मोडल्या. माथ्यावरचा नट काढून कॉइल वर उचलली. तिच्याखाली पितळी नळी, ती पान्याने फिरवल्यावर आतला पोलादी दांडा आणि स्प्रिंग बाहेर आली.

हा दांडा म्हणजे व्हॉल्व्हचा जीव. त्याच्या दोन्ही टोकांना रबराची टिकली असते. वीज नसते तेव्हा स्प्रिंग त्याला खाली दाबून बॉयलरकडचं भोक बंद ठेवते आणि ग्रुप हेडची वाट ट्रेकडे उघडी असते. वीज आली की दांडा वर ओढला जातो, बॉयलरचं भोक उघडतं आणि वरच्या टोकाने ट्रेची वाट बंद होते. इतक्या लहान हालचालीवर सगळं यंत्र अवलंबून आहे.

बॉयलरकडचं भोक जेमतेम दोन मिलिमीटरचं. त्यात पांढरा पापुद्रा उभा अडकला होता, कवचाच्या तुकड्यासारखा. पिन घालायचा मोह झाला, पण घातली नाही. भोकाची कड म्हणजे रबर टेकायची बैठक आहे, तिच्यावर पोलादाचा ओरखडा उठला तर व्हॉल्व्ह कायमचा गळेल. लाकडी काडी ओली करून फिरवली आणि दोन मिनिटांत पापुद्रा निघाला. ट्रेकडच्या वाटेत वेगळाच ऐवज होता: कॉफीची बारीक पूड आणि तेल मिळून झालेली घट्ट काळी गोळी. आत्याच्या ओल्या चोथ्याचं कारण हेच. एकाच व्हॉल्व्हच्या दोन वाटा, दोन वेगळ्या कारणांनी आणि कितीतरी वर्षांच्या अंतराने बुजलेल्या.

दांड्याच्या खालच्या रबरावर भोकाचा गोल ठसा खोल उमटलाय. आज चालेल, पुढे गळेल. नवा दांडा आणि ओ-रिंगा यादीत टाकल्या. तोवर माझ्याकडच्या त्याच मापाच्या ओ-रिंगा लावून जोडलं.

ग्रुप हेड, १० सेकंद: ७१ मिली.

खूप आनंद झाला. पुन्हा घेतलं: ६९. तिसऱ्यांदा: २२. चौथ्यांदा: ६.

व्हॉल्व्ह परत उघडला. नवा पापुद्रा, पहिल्याहून मोठा. बॉयलरच्या पोटात असे किती असतील? पापुद्रे संपेपर्यंत व्हॉल्व्ह साफ करत बसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. बॉयलर उघडावा लागणार.

१५ जून, रविवार

बॉयलरचे दोन भाग चार ॲलन बोल्टनी जोडलेत. दोन निघाले, दोन जागचे हलेनात. जोर लावला तर डोकं झिजेल आणि मग ड्रिल मारावं लागेल. गंज सोडवणारं तेल टाकलं आणि थांबले.

१८ जून, बुधवार

रोज सकाळ-संध्याकाळ तेल टाकलं. तिसरा बोल्ट आज निघाला. चौथ्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न पाच मिनिटं धरलं, मग पाना लावून आधी थोडं घट्ट करायच्या बाजूला आणि मग सैल करायच्या बाजूला फिरवलं. कटकन आवाज आला. वाटलं मोडला, पण सुटला होता.

२१ जून, शनिवार

आतलं दृश्य पाहून काही वेळ काहीच सुचलं नाही. हीटरच्या नळीवर तीन मिलिमीटर जाडीचा थर, त्याच्यात भेगा. तळाशी सुट्या पापुद्र्यांचा ढीग. चमच्याने काढून वजन केलं: ३१ ग्रॅम. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे हीटर आत जास्त तापत राहतो आणि पाणी मात्र उशिरा तापतं. थर्मोस्टॅट बॉयलरच्या बाहेरच्या अंगाला असल्याने त्याला हे कळायला आणखी वेळ लागतो.

द्रावण मुद्दाम सौम्य केलं: एक लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. वीस मिनिटं बुडवायचं, ब्रशने घासायचं, धुवायचं, ताजं द्रावण घ्यायचं. असं तीन वेळा. बॉयलर ॲल्युमिनियमचा असता तर आणखी जपले असते, ॲसिड त्याला फार लवकर खातं. पितळही ॲसिडमध्ये फार वेळ ठेवलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि तांब्यासारखे गुलाबी डाग पडतात. असे डाग दिसले नाहीत. रात्रभर ठेवण्यापेक्षा तीन छोट्या फेऱ्या बऱ्या, कारण प्रत्येक फेरीनंतर डोळ्यांनी पाहता येतं.

हीटरचा रोध मोजला: ४७.६ ओम. हिशोबाने २३० चा वर्ग भागिले ११००, म्हणजे ४८.१ ओम यायला हवा. हीटर शाबूत आहे.

२२ जून, रविवार

सुटे भाग आले होते. बॉयलरची नवी ओ-रिंग, व्हॉल्व्हचा नवा दांडा, पंपाचे रबरी आधार. ओ-रिंगांना खाद्यवापराचं सिलिकॉन ग्रीस लावलं. पेट्रोलियम जेली लावू नये, ओ-रिंगांचं ईपीडीएम जातीचं रबर तिने फुगतं. चारही बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करत आवळले, म्हणजे ओ-रिंग एका बाजूने चेपत नाही.

टाकी भरली, वाफेच्या नळीतून पाणी येईपर्यंत पंप चालवायचं ठरवलं आणि स्विच दाबला. त्याच क्षणी घराचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला.

तिसऱ्यांदा करून पाहिलं नाही. प्लग काढला आणि आत काय काय विजेला जोडलंय ते कागदावर मांडलं. हीटरच्या दोन्ही वायर सोडवून टोकं टेपने झाकली आणि प्लग लावला: पडत नाही. पंप चालतो, व्हॉल्व्ह वाजतो. म्हणजे हीटरच. मल्टीमीटरची एक पिन हीटरच्या टोकाला, दुसरी बॉयलरच्या अंगाला लावली. काहीच दिसायला नको होतं, पण ९ किलोओम दिसले. २३० व्होल्टला ९ किलोओममधून सुमारे २५ मिलिअँपिअर गळती होते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, त्यामुळे त्याने केलं ते अगदी बरोबर.

कालपर्यंत गळती नव्हती, मग आज कुठून आली? कालचे फोटो पाहिले आणि उत्तर मिळालं. वरचं झाकण मी हीटरसकट अख्खं द्रावणात बुडवलं होतं, वायर जोडायच्या टोकांसकट. हीटरच्या धातूच्या नळीत मधोमध तापणारी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता वाहून नेते आणि कोरडी असेतोवर वीज अडवते. पण ती ओलावा शोषते. टोकांजवळचं सील जुनं झालेलं, तिथून पाणी आत शिरलं. नळीचा तोंडाकडचा भाग बाहेर ठेवून बुडवायला हवं होतं. चूक माझी होती, आणि नोंद करण्यासारखी.

हीटर बदलायची घाई करणार नाही. ओलावा जसा आत शिरतो, तसा तो घालवताही येतो.

२५ जून, बुधवार

बॉयलरचं वरचं झाकण पुन्हा मोकळं केलं. ओ-रिंग, दोन्ही थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज काढून बाजूला ठेवले. थर्मल फ्यूज एकदाच वितळतो आणि मग बदलावाच लागतो, त्याला ओव्हनमध्ये नेण्यात अर्थ नाही. ओव्हन ११० अंशांवर, चार तास. दार मधूनमधून उघडून आतली दमट हवा जाऊ दिली.

तासाभराने: ४० किलोओम. दोन तासांनी: मीटरवर मेगाओम. चार तासांनी गार करून मोजलं, तर मीटरने वाचनच दिलं नाही.

पण मल्टीमीटर आपल्या छोट्या बॅटरीच्या व्होल्टेजवर मोजतो. २३० व्होल्टला काय होईल हे तो खात्रीने सांगू शकत नाही. इन्सुलेशन टेस्टर दोन दिवसांसाठी मागून आणला. ५०० व्होल्टवर ६० मेगाओमच्या वर. आता मनापासून विश्वास बसला.

२८ जून, शनिवार

जोडणी. आधी पाणी, मग उष्णता: हीटरच्या वायर लावायच्या आधी पंपाने बॉयलर भरून घेतला. कोरडा हीटर चालू होणं हे या यंत्रांचं सर्वांत मोठं दुखणं आहे. वाफ काढून झाल्यावर बॉयलर अर्धा रिकामा होतो आणि पुन्हा पाणी न भरता तसाच तापत ठेवला तर पुढच्या वेळी थर्मल फ्यूज जाणार.

स्विच दाबला. आरसीसीबी जागेवर. दहा मिनिटांत तापल्याचा दिवा लागला.

ग्रुप हेड, १० सेकंद, पाच वेळा: ७२, ७१, ७२, ७२, ७१. दीड तासाने पुन्हा: ७२. पापुद्र्यांचा प्रश्न मिटला. पंपाचा आवाज आता नुसता गुणगुणण्यासारखा येतो आणि दाब चढला की आणखी खाली उतरतो. हा उतरता सूर कानाला ओळखीचा झाला की दाबमापकाशिवायही बरंच काही कळतं.

गळती मात्र आहे. पोर्टाफिल्टर बसवून पंप चालवला की कडेने पाणी ओघळतं. हँडल समोर सरळ यायला हवं, तिथे न थांबता ते उजवीकडे बरंच पुढे जातं. ग्रुप हेडचं गॅस्केट, म्हणजे पोर्टाफिल्टरची कड जिथे टेकते ती रबरी कडी, अकरा वर्षांत दगडासारखं झालंय. खोबणीतून ते निघेना. शेवटी गॅस्केटमध्येच दोन छोटे स्क्रू समोरासमोर पिळले आणि पकडीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ओढलं. तुकड्यातुकड्यांनी आलं. खोबणी लाकडी काडीने खरवडून साफ केली. हे काम कंटाळवाणं आहे, पण तिथे राहिलेला एक खडाही नव्या गॅस्केटला तिरकं बसवतो. ८.५ मिमी जाडीचं नवं गॅस्केट, निमुळती कड वरच्या बाजूला.

हँडल आता बरोबर समोर थांबतं. गळती नाही.

२९ जून, रविवार

दाब. बिनभोकाची बास्केट (पोर्टाफिल्टरच्या आतली वाटी) आणि पोर्टाफिल्टरला बसवायचा प्रेशर गेज लावला. वाचन १३.५ बार. म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह फार उशिरा उघडतोय.

एस्प्रेसोसाठी ९ बार हा आकडा सर्वत्र रूढ झालाय. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेराने ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते बॉयलरमधल्या वाफेच्या दाबावर चालायचं आणि तो दाब दीड बारच्या आसपास असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्रांनी स्प्रिंग आणि दट्ट्या वापरून दाब कितीतरी वर नेला, आणि कपावर तो तपकिरी फेस दिसू लागला ज्याला आज आपण क्रेमा म्हणतो. १९६१ च्या फाएमा ई६१ मध्ये दट्ट्याची जागा मोटरपंपाने घेतली. आपल्या ओट्यावरचं यंत्र हे त्याच साखळीतलं, हाताच्या जोराऐवजी सेकंदाला ५० ठोके मारणारं.

१३.५ बारला पाणी चोथ्यात फटी पाडून धावतं, कपात आंबट आणि कडू एकदम येतं. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पाव फेरा सैल केला: १२.४. आणखी पाव: ११.३. आणखी पाव आणि थोडंसं: ९.९. इथे थांबले. बिनभोकाच्या बास्केटमध्ये पाणी वाहत नसतं, खरा शॉट चालू असताना दाब थोडा कमी भरतो, म्हणून दहाच्या जवळ सोडलं. स्क्रूवर मार्करने रेघ ओढून ठेवली.

बिनभोकाची बास्केट लावलीच होती, तर डिटर्जंटने बॅकफ्लशही केलं, म्हणजे पाणी उलटं व्हॉल्व्हमधून ट्रेमध्ये सोडून ती वाट धुतली. दहा सेकंद चालू, दहा बंद, पाच वेळा. ट्रेमध्ये आलेलं पाणी आधी काळं, मग चहासारखं, मग स्वच्छ. नंतर साध्या पाण्याने तसंच.

५ जुलै, शनिवार

तापमान आणि पहिली कॉफी.

थर्मोस्टॅट द्विधातूच्या चकतीचा. पाणी तापलं की सुटतो, बरंच गार झालं की पुन्हा जोडतो. त्यामुळे बॉयलर सतत वर-खाली होत राहतो. थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार बास्केटमध्ये घालून मोजलं. दिवा लागताच लगेच पाणी घेतलं तर ९८ अंश, दिवा लागून तीस सेकंद थांबून घेतलं तर ९४, हीटर पुन्हा चालू व्हायच्या तोंडावर ८७. ९० ते ९६ मधे राहायचं असेल तर दिव्यानंतर अर्धा मिनिट थांबायचं, एवढा साधा नियम पुरतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवता येईल, पण आत्ता नको. आत्याच्या हाताला जी बटणं ओळखीची आहेत तीच राहू देत.

पहिला शॉट: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, १६ सेकंद. पाणचट. यंत्राचा दोष नव्हे, दळण जाड. ग्राइंडर दोन खुणा बारीक केला: २२ सेकंद. आणखी एक: २८ सेकंद. रंग गडद, धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक आणि शेवटाला फिकट होत गेलेली. बटण सोडताच व्हॉल्व्हने 'फुस्स' केलं आणि ट्रेमध्ये पाणी पडलं. पोर्टाफिल्टर ठोकल्यावर चोथ्याची चकती अख्खी, सुकी, एका तुकड्यात पडली. तिचा फोटो काढून ठेवला, चिकट चिखलाच्या त्या सगळ्या वर्षांसाठी.

आता पाण्याचं. घरच्या नळाचं पाणी टेस्ट स्ट्रिपवर जड निघालं, म्हणून टाकीत पाणी मऊ करणाऱ्या रेझिनची छोटी पिशवी टाकली आहे आणि दर महिन्याला स्ट्रिपने तपासणार आहे. क्षार काढणं हा उपाय आहे हे खरं, पण माझ्या मते या यंत्रात तो जितका कमी करावा लागेल तितकं चांगलं. जे साठलंच नाही ते निखळून व्हॉल्व्हमध्ये जाणार नाही. अगदीच शुद्ध, क्षारविरहित पाणीही घालणार नाही. त्याने चव सपाट होते आणि ते धातूला चावतं.

६ जुलै, रविवार

आत्या आली. तिला काही सांगायच्या आधी मी मशीनसमोर खुर्ची ठेवली आणि म्हटलं, "आत्या, तूच काढ."

तिने पूड दाबली, पोर्टाफिल्टर लावला. हँडल सवयीने उजवीकडे जोरात ढकलायला गेली आणि ते मधेच थांबलं. "इथेच राहू दे?" म्हणाली. मी हो म्हटलं. दिवा लागल्यावर तीस सेकंद थांब असंही सांगितलं, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शांत उभी राहिली.

२७ सेकंद, ३५ ग्रॅम. तिने बटण सोडलं आणि व्हॉल्व्हचा फुसकारा झाला. कपाकडे गेलेला तिचा हात थांबला.

"हा आवाज," ती म्हणाली, "हा मी विसरलेच होते गं. नवीन असताना यायचा."

मग तिने पोर्टाफिल्टर ठोकला, चकती उचलून बोटांनी दाबून पाहिली आणि दुसरा कप काढायला घेतला.